अठरावं वाक्य

४ जुलै

या पांढऱ्या पोशाखाची खरी किंमत आज मांडून ठेवतो. शिंप्याने घेतले ते पैसे सोडा, ते कोणीही देईल. बाकीचं असं: सत्तावीस वर्षांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान, जे हाताखालच्या कारागिराच्या स्वाधीन केलं. मिशा, कारण त्यांच्यावर मास्क बसत नाही. लेकीचं बोलणं, जे सव्वा महिना बंद आहे. आणि ही. ही असती तर मी या फंदात पडलोच नसतो, म्हणून तिलाही यातच धरायला हवं.

तीन वर्षं ही अंथरुणाला खिळून होती. घरी एक नर्स यायची, तिने शिकवलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची. तीन वर्षांत हिच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हाताला हे काम येतं." ते बोलायचं म्हणून बोलले असतील. मी मात्र ते वाक्य गाठीला बांधलं. यंदा नर्सिंगच्या प्रवेशाची वयाची अट उठली आणि त्रेपन्नाव्या वर्षी मी पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसलो.

पहिल्या दिवशी आत शिरलो तर सगळा वर्ग उभा राहिला. त्यांना वाटलं, सर आले. मीही सवयीने "बसा, बसा" म्हणालो. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा जो हशा पिकला! त्या दिवसापासून मी सगळ्यांचा काका.

वर्गात आम्ही चाळीस. सगळ्यात लहान सतरा वर्षांची, सगळ्यात म्हातारा मी. मधल्यांत चौतिशीची दोन मुलांची आई आहे, तिला सगळे वहिनी म्हणतात. तोंडाने फटकळ. मला म्हणाली, "काका, तुम्ही पेशंटला सुई टोचणार की पेशंट तुम्हाला?"

आपल्याला चालतं. धंद्यात आयुष्य गेलं. गिऱ्हाईक बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं, हे ऐकून ऐकून कान तयार झालेत. माणूस कितीही गोड बोलो, त्याच्या तागडीखाली काय चिकटवलंय ते मला आवाजावरून कळायचं.

११ जुलै

इथे सगळ्याला गुण आहेत. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडला का, गुण. नखं कापली का, गुण. वहीचं वेष्टन, बुटाची नाडी, नमस्कार करताना मान किती लवते, सगळं मोठ्या बाईंच्या निळ्या वहीत जातं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख. चालताना त्यांच्या बुटांचा आवाज होत नाही, आपला आवाज होतो. सहा महिन्यांनी चाळणी लागते आणि निळ्या वहीत जे खाली ते घरी. मागच्या तुकडीतले नऊ जण गेले म्हणतात.

माझ्या मागे आता दुकान नाही. चाळणीतून खाली पडलो तर पडायला जमीनही नाही.

प्रात्यक्षिकाला दोघा-दोघांच्या जोड्या आहेत. माझ्या जोडीला एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. एवढीशी, सतत काहीतरी करत असते, भिंतीच्या कडेकडेने चालते. मुली तिला मुंगी म्हणतात. मी खाटेच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. चादर ताणली की ती पुढे ओढली जाते इतकं तिचं वजन. मी म्हटलं, "मुंगे, जरा जेवत जा, नाहीतर एक दिवस चादरीबरोबर तुझीच घडी करीन मी." हसली. चांगली मुलगी आहे. बोलते कमी.

आज संशोधन करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. वेगवेगळ्या वयात नर्सिंग शिकणाऱ्यांची मनं कशी राहतात याचा अभ्यास करतायत. दर महिन्याला एक फॉर्म भरायचा, अठ्ठावीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. नाव लिहायचं नाही, फक्त वयाचा गट. बाई गोड आहेत. पोरींनी लगेच फॉर्मबाई नाव ठेवलं.

नाव नाही म्हणे! पंचेचाळीसच्या वर असलेला मी एकटा. म्हणजे न लिहिता माझं नाव लागलंच. एका गटात मी अख्खाच्या अख्खा.

फॉर्म टाकायची पेटी कुठली? तीच, जिच्यात चाचणीचे पेपर टाकतो. आणि ती उचलून कोण नेतं? मोठ्या बाई. जेवणघरात एकच चर्चा. "मन कमजोर निघालं तर काढतील." "मागच्या वर्षी एकीने खरं लिहिलं, पुढच्या महिन्यात तिची खाट रिकामी." कोणी पाहिलं? कोणी नाही. पण ज्या घरात नखांनाही गुण मिळतात तिथे मनाला मिळणार नाहीत हे कोणाला पटेल?

१२ जुलै

रविवार. कोरा फॉर्म घेऊन बसलो. दोन तासांत उकलला.

अठ्ठावीसपैकी सहा वाक्यं उलटी पेरलीत. 'मला शांत झोप लागते' याच्या शेजारीच 'मला कारण नसताना रडू येतं'. जो डोळे झाकून सगळ्या खुणा एका रांगेत करील तो सापडला. काटा तपासायचा असला की मीही असंच करायचो, आधी भरलेलं वजन ठेवायचं, मग रिकामी तागडी. वा बाई, म्हटलं, तुम्हीही आमच्याच धंद्यातल्या.

संध्याकाळी हॉस्टेलच्या जेवणघरात सगळ्यांना बसवून शिकवलं. सरळ वाक्यांना चौथा-पाचवा चौकोन, उलट्यांना पहिला-दुसरा. आणि तीन ठिकाणी मधली खूण करा, कारण शंभर टक्के सुखी माणूस दिसला की कोणालाही संशय येतो. वहिनी म्हणाली, "काका, तुम्ही चुकून इकडे आलात, तुम्ही निवडणुकीला उभं राहायचं."

शेवटी मुंगी हळूच जवळ आली. "काका, अठराव्याला काय करू?"

अठरावं वाक्य: 'आपण नसलो तर बरं, असं वाटतं.'

"कधीच नाही. तिथे विचारसुद्धा करायचा नाही."

"मधली खूण केली तर?"

"मधली खूण भुकेला कर, झोपेला कर. अठराव्याला नाही. त्याच्यावर त्यांची नजर असणार."

मग "बरं" म्हणून गेली.

१३ जुलै

फॉर्म भरले. मी मागच्या बाकावरून पाहत होतो, पेनं कशी भराभर चालत होती! बाहेर आल्यावर एकेकीने डोळ्यांनी खूण केली. मुंगीनेही मान हलवली. चाळीसच्या चाळीस! एकही माझ्या शब्दाबाहेर गेलं नाही. दुकानात दोन पोरं होती, ती कधी एवढं ऐकायची नाहीत.

माझ्या फॉर्मवर अठराव्याला मीही 'कधीच नाही' केलं. खोटं कुठे आहे त्यात? विचार करायला फुरसत असेल तर ना.

२ ऑगस्ट

अजून दर दोन तासांनी जाग येते. बारा, दोन, चार. उठतो, पलंगाच्या त्या बाजूला जातो, हात पुढे करतो आणि मग ध्यानात येतं. तसाच पाणी पिऊन परत. गजर लावायला नको, हा एक फायदा.

लेकीचा फोन आला. शेवटी! "बाबा, लोक विचारतात, वडील काय करतात. मी काय सांगू?"

"सांग, पहिलीत आहेत."

हसली नाही. म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, आमच्या इथे ते दर महिन्याला तपासतात, मी उत्तम निघालो.

९ ऑगस्ट

वॉर्डातली ड्यूटी सुरू. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला आठवड्यातून दोन रात्री. बत्तीस खाटा, एक मोठी नर्स आणि आमच्यातलं एक. मोठी नर्स बरेचदा शेजारच्या वॉर्डातही बघते, म्हणजे आमच्यातलं एक एकटंच.

मुंगीच्या पाळीत एक म्हातारी गेली. तिच्या वाट्याची पहिलीच. नाडी बघायला गेली तर नाडी नाही. डॉक्टर येऊन गेले, मग अंग पुसणं, कापूस, चादर, सगळं तिने एकटीने केलं. सकाळी चादर ताणताना मला सांगत होती. "काका, मी नऊ वाजता नाडी लिहिली ती बरोबर होती ना? मला वाटतं मी पुढची खाट बघायच्या घाईत नीट मोजली नाही."

"अगं, पंचाऐंशी वर्षांची होती ती. तिला जायचंच होतं."

"पण मी मोजली नसेल तर?"

"सवय होते," मी म्हटलं. "पहिल्यांदा सगळ्यांना असंच होतं."

हे वाक्य इथे सगळे म्हणतात. मीही म्हणायला लागलो, म्हणजे मुरलो म्हणायचं.

१७ ऑगस्ट

दुसरा फॉर्म. आता शिकवावं लागलं नाही. पोरी पाढे म्हणाव्यात तशा भरत होत्या.

५ सप्टेंबर

आज सभागृहात बोलावलं. फॉर्मबाई आल्या नव्हत्या, मोठ्या बाईंनी त्यांचा कागद वाचला. सगळ्या वयोगटांत पहिल्या वर्षाची मनं उत्तम. त्यातही वीसच्या आतल्या मुली सर्वांत आनंदी. आकडे पाहून पाहुण्या डॉक्टरांना नवल वाटलं म्हणे. मोठ्या बाई कधी हसत नाहीत, आज हसल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी कागदाची पुढची घडी उघडली. पहिल्या वर्षाच्या रात्री कमी करायचा विचार चालला होता. या आकड्यांवरून त्याची गरज दिसत नाही. उलट चौथ्या वॉर्डात माणसं कमी आहेत, तेव्हा येत्या सोमवारपासून दोनऐवजी चार रात्री.

टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले. मग एकेक मान वळली. चाळीसांच्या सभेत एकोणचाळीस माणसं तुमच्याकडे बघतात तेव्हा कसं वाटतं ते लिहिता येत नाही.

जिन्यात वहिनीने गाठलं. "काटे दुरुस्त करायचात ना हो तुम्ही? मग तागडीत बोट कशाला घातलंत?"

"मला काय माहीत होतं, कशाचं वजन चाललंय!"

"तेच तर. विचारलंत का कोणाला?"

सत्तावीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं, आणि बोललं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढला असता.

१२ सप्टेंबर

चार रात्री. दिवसा वर्ग. आज शरीररचनेच्या तासाला तिघी बसल्या जागी झोपल्या. गुण कापले.

१४ सप्टेंबर

वहिनीच्या धाकट्याला ताप आणि ती इकडे दुसऱ्यांच्या मुलांच्या कपाळावर पट्ट्या ठेवतेय. फोनवर म्हणत होती, "आजीला सांग, पाण्याने पूस, डोक्यावरून नको." फोन ठेवल्यावर भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. मी विनोद करायला गेलो. म्हणाली, "काका, आज नको."

१८ सप्टेंबर

हे असंच चाललं तर कोणीतरी मोडणार. मला वाटतं, मीच मोडणार. पाय सुजतात. काल एका पेशंटची कूस बदलताना मी त्याला हिच्या नावाने हाक मारली. तो बिचारा साठीचा हवालदार. "ओ" म्हणाला.

मुंगी बरी दिसतेय. गेल्या आठवड्यात रडत होती. धुलाईच्या कपड्यांच्या खोलीत, दाराला पाठ लावून. मी बाहेरून ऐकलं. आत जावं की न जावं करत उभा राहिलो, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. आज शांत आहे. सावरली पोरगी.

२१ सप्टेंबर

उद्या तिसरा फॉर्म. जेवणघरात मी उभा राहून बोललो, "यावेळी खरं लिहा. मी चुकलो. खरं लिहिलं तर रात्री कमी होतील."

एकदम गलका. सतरा वर्षांची म्हणाली, "आणि आम्हाला काढलं तर?" दुसरी म्हणाली, "चाळणीला तीन महिने उरलेत काका, तोवर दात आवळून काढू."

वहिनीने ताट बाजूला सारलं. "एका महिन्यात चाळीस माणसं एकदम दुःखी झाली तर फॉर्मबाई काय समजेल? साथ आली? विचारील, आधी काय लिहिलं होतं. मग निघेल, कोणी शिकवलं. मग तुम्ही जाल, आणि तुमच्याबरोबर आम्हीही."

"मी एकटा जाऊन सांगतो. मीच शिकवलं म्हणून."

"भरले कोणी? आम्हीच ना? दोन पोरांना सोडून आलेय मी. तुमच्या पुण्याईसाठी घरी जायला नाही."

खाली बसलो. मुंगी कोपऱ्यात होती, ताटातला घास तसाच. ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलीन म्हणून वाट बघत असावी. मी पाण्याचा पेला उचलला.

२२ सप्टेंबर

भरला. आधीसारखाच. अठराव्याला पेन जरा थांबलं. पण आता मधली खूण केली असती तर एकट्याच्या गटात ती लगेच दिसली असती.

२५ सप्टेंबर

मुंगीने आज तिची शरीररचनेची वही मला दिली. रंगीत आकृत्या, प्रत्येक हाडाचं नाव सुवाच्य. "तुम्हाला उपयोग होईल. माझं झालं पाठ." एवढी मेहनतीची वही कोणी देतं का! मला खरंच भरून आलं. वहिनीला तिने थर्मास दिला म्हणे, आणि सतराच्या पोरीला लोकरीची शाल. मी म्हटलं, "मुंगे, लग्नबिग्न ठरलं की काय? सामान वाटत सुटलीस." हसली.

पहिल्यासारखी हसली. मला बरं वाटलं.

२८ सप्टेंबर

सकाळी सातला पाळी बदलताना मुंगी हजेरीला नव्हती. चौथ्या वॉर्डाचं औषधाचं कपाट उघडं. किल्ली तिच्याकडे असते.

वहिनीला ती कपड्यांच्या खोलीत सापडली. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये. वहिनीची हाक मी दोन मजले खालून ऐकली. अशी हाक मी जन्मात ऐकली नव्हती. मी धावलो. जिना चढताना छातीत कळ आली तरी धावलो. दोघांनी तिला ट्रॉलीवर घेतलं. वजनच नव्हतं.

जिवंत आहे. दिवसभर अतिदक्षतेच्या काचेबाहेर उभा होतो. एवढंच लिहवतं.

२९ सप्टेंबर

शुद्ध नाही.

मी विनंती केली, तिची ड्यूटी मला द्या. वॉर्डच्या नर्सने माझ्या तोंडाकडे बघून हो म्हटलं. दर दोन तासांनी कूस बदलली. दुसऱ्या बाजूला वहिनी. "एक, दोन, तीन" एवढंच. पाठ पुसली, उशी लावली. गळपट्टीजवळ हाड इतकं वर आलंय की तिच्याच वहीतली आकृती.

दुपारी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. वहिनी दारापर्यंत आली. म्हटलं, नको येऊस, तुझी पोरं आहेत. म्हणाली, "गप बसा," आणि आत शिरली.

मी सगळं सांगितलं. उलटी वाक्यं, सरळ वाक्यं, मधल्या खुणा, अठरावं. मोठ्या बाई ऐकत होत्या. निळी वही समोर होती, तिला हात लावला नाही.

"तो कागद गुणांसाठी नव्हता," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही आमच्या नखांना गुण देता. आम्ही काय समजायचं?"

"विचारायचं होतं."

"तुम्हाला?" वहिनी म्हणाली. "तुम्हाला कोणी काय विचारतं, बाई?"

मला वाटलं आता दोघेही बाहेर. पण मोठ्या बाई खिडकीकडे वळल्या. म्हणाल्या, "चार रात्री मी लावल्या. ते आकडे पाहून. मला बरं वाटलं होतं ते आकडे पाहून." मग चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या पार थकलेल्या बाई दिसतात. पन्नाशीच्याच असतील, माझ्याच गटातल्या.

मला चौकशी संपेपर्यंत वर्गातून बाहेर ठेवलंय. वॉर्डात येऊ देतायत, नातेवाईक म्हणून. कोणाचा नातेवाईक, असं कोणी विचारलं नाही.

१ ऑक्टोबर

पहाटे डोळे उघडले. छताकडे बघत होती. मी वाकलो. "मुंगे."

ओठ हलले. पाणी हवं असेल म्हणून कापसाने ओठ ओले केले.

"मी मोजली नव्हती," ती म्हणाली.

एवढं होऊन तिच्या डोक्यात अजून ती म्हातारीची नाडी. यावेळी मी सवय होते म्हणालो नाही. "सांग," म्हटलं. "सगळं सांग. मी कुठे जात नाही."

थांबत थांबत बोलली. नऊ वाजता बत्तीस जणांच्या नाड्या, एकीला वांती, एकीची सलाईन संपलेली. म्हातारीच्या मनगटावर बोटं ठेवली आणि आकडा अंदाजाने लिहिला. त्या दिवसापासून ती झोपलेली नाही. हे तिने मला ऑगस्टमध्ये दोनदा सांगितलं होतं. या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

३ ऑक्टोबर

तिचे वडील आले. ट्रक चालवतात, लांबच्या फेरीवर होते. अंगावर तेच कपडे. काचेतून तिला बघितलं आणि डोक्यावर हात ठेवून बाकावर बसले.

"तुम्हीच का ते काका?" मला म्हणाले. "फोनवर सांगायची. वर्गात एक काका आहेत, सगळ्यांना हसवतात."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो.

"मी विचारायचो, बरी आहेस ना. म्हणायची, हो बाबा. दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही मी. गाडी चालवताना दुसऱ्यांदा कुठे विचारायचं?"

मी त्यांना सांगितलं. माझा भाग, सगळा. ते मला मारतील तर मारोत, असं ठरवून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "ती जेवते का हो इथे?" मला वाटतं त्यांनी ऐकलंच नाही. किंवा ऐकलं, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना समजलं नाही.

६ ऑक्टोबर

मुंगी गेली घरी. चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत मी नेली. मानसोपचाराच्या डॉक्टरांची चिठ्ठी वडिलांच्या खिशात, दर आठवड्याला यायचं. परत शिकायला येईल का, कोणी बोललं नाही. वही परत द्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या." मी म्हटलं, "नाही. ही तुझी आहे. न्यायचीच." जोरात बोललो असेन. तिने घेतली.

पहिल्या वर्षाच्या रात्री बंद झाल्या. सगळ्याच. आज जेवणघरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

लेकीला फोन केला. तिने विचारलं, "ठीक आहात ना?" मी म्हटलं, "नाही." मग म्हणाली, "मी येते, बाबा."

९ ऑक्टोबर

फॉर्मबाई आज आल्या. मला ग्रंथालयात बोलावलं. वाटलं, ओरडतील, त्यांचा अभ्यास मी मातीत घातला. त्यांचे डोळे सुजलेले होते. समोर तीन कागद.

"हे मी तक्त्यात घेतलेच नव्हते," म्हणाल्या. "दर महिन्याला एक. एकोणचाळीस फॉर्म एका सुरात आणि हा एक भलताच. असा एखादा निघतोच, घाईत उलट्या खुणा केलेला. तो बाजूला काढायचा असतो. नियम आहे तसा."

मी बघितलं. वीसच्या आतला गट. झोप: कधीच नाही. भूक: कधीच नाही. रडू: नेहमी. अठराव्यापुढे जुलैत मधली खूण. ऑगस्टमध्ये चौथी. सप्टेंबरमध्ये पाचवी.

"खाली लिहायला जागा असते," त्या म्हणाल्या. "'आणखी काही सांगायचं आहे का?' तो भाग मी वर्षअखेरीला एकदम वाचणार होते."

जुलैच्या कागदावर सुवाच्य अक्षरात, हाडांची नावं लिहावीत तसं: 'कसं भरायचं ते आम्हाला शिकवलंय. शिकवणारे चांगले आहेत. पण मी खरं लिहिलंय.'

ऑगस्टच्या: 'मागच्यासारखंच आहे. हे कोणी वाचतं का?'

सप्टेंबरच्या: 'काही नाही.'

फॉर्मबाई रडत होत्या. मी त्यांना पाणी दिलं. मग चौकशी समितीसाठी कागद करायचा होता, त्यात आकडा विचारला होता. मी पुन्हा मोजलं आणि लिहिलं. वर्गात चाळीस. माझ्या सांगण्याप्रमाणे फॉर्म भरणारे, मी धरून, एकोणचाळीस.